लाईन जास्त आली तरी टीव्ही-फ्रिज वाचवायचे कसे : गावातल्या घरासाठी अर्थिंगपासून मेन बोर्डापर्यंत

‘लाईन जास्त आली अन् टीव्ही उडाला’ हे विदर्भातल्या कोणत्याही गावात ऐकू येतं. दुकानदार त्यावर स्पाइक गार्डचा एक्स्टेन्शन बोर्ड हातात ठेवतो. पुढच्या वादळात तो बोर्डही जळतो आणि टीव्हीही. ‘लाईन जास्त येणं’ या एकाच नावाखाली वेगवेगळे बिघाड येतात आणि प्रत्येकाला अडवणारं यंत्र वेगळं असतं, हे तिथे कुणी सांगत नाही.

पहिला बिघाड म्हणजे स्पाइक. जवळपास वीज पडली किंवा ११ केव्हीच्या, म्हणजे ११,००० व्होल्टच्या, लाईनवर काही जोडलं-तोडलं, की आपल्या वायरवर काही मायक्रोसेकंदांसाठी हजार-दोन हजार किंवा त्याहून जास्त व्होल्ट येतात आणि जातात. डोळ्याला काही दिसत नाही. दुसरा म्हणजे चढं व्होल्टेज: २३० च्या जागी ३०० ते ४०० व्होल्ट, काही सेकंदांपासून काही तासांपर्यंत. तिसरा म्हणजे पडकं व्होल्टेज, १५०-१६० वर आलेली डिम लाईट. ती टीव्हीला फारशी मारत नाही, पण फ्रिजचा कॉम्प्रेसर आणि बोअरची मोटर तापवून जाळते.

या तिघांत गावाकडे सगळ्यात जास्त सामान जाळतो तो दुसरा, आणि नेमकं त्याच्यापासून स्पाइक गार्ड वाचवत नाही. एकाच वेळी गल्लीतल्या चार-सहा घरांत टीव्ही, चार्जर, एलईडी बल्ब गेले असतील तर आधी न्यूट्रलवर संशय घ्या.

न्यूट्रल तुटला म्हणजे काय होतं

डीपीवरून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरून, गावात तीन फेज आणि एक न्यूट्रल निघतो. कोणत्याही फेज आणि न्यूट्रलमध्ये साधारण २३० व्होल्ट असतात, दोन फेजमध्ये साधारण ४००. तुमचं घर एका फेजवर, समोरचं दुसऱ्या फेजवर, आणि न्यूट्रल दोघांचा एकच. डीपीतून तार बाहेर येते त्या जागी (बुशिंगवर) किंवा खांबावर हा न्यूट्रल ढिला झाला, जळला किंवा वादळात तुटला, की तुमचं घर आणि समोरचं घर एकामागे एक जोडले जाऊन दोघे मिळून ४०० व्होल्टवर बसतात. ज्याच्या घरी लोड कमी, त्याच्या वाट्याला व्होल्टेज जास्त.

ढोबळ हिशेब करून पाहा. तुमच्याकडे फक्त १०० वॅटचा टीव्ही चालू आहे, समोर १००० वॅटची इस्त्री. तुमच्या बाजूचा रोध साधारण ५२९ ओहम, त्यांच्या बाजूचा ५३. चारशे व्होल्ट या प्रमाणात वाटले तर तुमच्या टीव्हीवर ३६० च्या वर आणि त्यांच्या इस्त्रीवर ४० च्याही खाली येतात. म्हणून एका घरात बल्ब पांढरे फटक होऊन पंखा सुसाट सुटतो आणि त्याच वेळी शेजारी विचारतो, ‘आमच्याकडे डिम का झाली?’ असं दिसलं की काही तपासत बसू नका, आधी मेन पाडा.

टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, राउटर, चार्जर, एलईडी ड्रायव्हर या सगळ्यांच्या आत एसएमपीएस, म्हणजे एसी लाईनचा कमी व्होल्टचा डीसी करून देणारा पुरवठा, असतो. त्याच्या तोंडाशी बहुधा ४०० किंवा ४५० व्होल्टचा मोठा कंडेन्सर बसवलेला असतो आणि त्याच्यावर एसी व्होल्टेजचं शिखर, म्हणजे १.४१ पट, येतं. २३० ला ते ३२५ असतं. २८३ ला ते ४०० होतं, म्हणजे ४०० चा कंडेन्सर काठावर. ३६० ला ५०० च्या वर जातं आणि कंडेन्सर फुगतो, फुटतो. व्होल्टेज २७० च्या आसपास कापलं पाहिजे असं पुढे सांगितलं आहे, ते या हिशेबावरून.

स्पाइक गार्डच्या आत एमओव्ही नावाची गोल चकती असते. ती झिंक ऑक्साइडची बनते. घरगुती वस्तूंत बहुधा ४७१ क्रमांकाची सापडते, जी ४७० व्होल्टच्या आसपास वाहू लागते आणि कायमचं सहन करते ३०० व्होल्ट एसीपर्यंत. मायक्रोसेकंदाचा झटका ती जिरवते. पण ३६० व्होल्ट एसी मिनिटभर आलं की प्रत्येक शिखराला ती वाहते, तापते, तडकते, प्रसंगी पेटते. चूक तिची नसते, तिला ते काम दिलेलंच नसतं.

एमसीबीबद्दलही तेच. एमसीबी म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा खटका. तो करंट पाहतो, व्होल्टेज पाहत नाही. ४०० व्होल्ट आले तरी तो शांत बसून राहतो. ‘एमसीबी आहे ना’ म्हणून निर्धास्त राहिलेल्यांचंच सामान अनेकदा जळतं.

पायरी १ : आठवडाभर व्होल्टेज लिहून ठेवा

काही विकत घेण्याआधी तुमच्या लाईनचा स्वभाव कळायला हवा. ६०० व्होल्टपर्यंत मोजणारा मल्टिमीटर किंवा सॉकेटमध्ये लावायचा डिजिटल व्होल्टमीटर पुरेसा आहे. सकाळी सहा, शेतीची थ्री फेज चालू असताना, संध्याकाळी सात ते दहा आणि रात्री बाराच्या पुढे, अशा चार वेळा आकडा वहीत टिपा.

गावठाण फीडरवरचं, म्हणजे वस्तीसाठीच्या लाईनवरचं, घर असेल तर संध्याकाळी पडतं आणि मध्यरात्री चढतं. वावरातलं घर शेतीच्या फीडरवर असेल तर चित्र जास्त खडबडीत असतं. लाईन येताक्षणी ऑटो स्विचवरचे सगळे पंप एकदम उठतात, मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, व्होल्टेज कोसळतं, मग सावरतं. शेवटचे पंप बंद झाले की उलट वर उसळी. मध्यरात्री २५० ते २५५ दिसत असेल तर घाबरू नका, पण लिहून ठेवा. कट-ऑफ कुठे ठेवायचा ते त्यावरून ठरेल.

याच आठवड्यात फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ असे तिन्ही आकडे थ्री पिन सॉकेटवर मोजा. न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-चार व्होल्ट ठीक. पंधरा-वीस दिसले किंवा आकडा लोडबरोबर हलत राहिला, तर न्यूट्रल कुठेतरी ढिला आहे किंवा अर्थिंग नावापुरती आहे. न्यूट्रल-अर्थमध्ये अगदी शून्य आलं तर खूश होऊ नका, कुणीतरी सॉकेटमध्ये अर्थची पिन न्यूट्रललाच जोडून ठेवलेली असू शकते. हे फार ठिकाणी केलेलं असतं आणि जीवघेणं आहे: न्यूट्रल तुटला की फ्रिजच्या, कूलरच्या पत्र्यावर थेट फेज येतो.

पायरी २ : अर्थिंग

इथे घाई करू नका. स्पाइक अडवणारं एसपीडी हे यंत्र (पायरी ५) हिच्या जोरावर चालतं. वीज पडून आलेला झटका एसपीडी जमिनीत ढकलतो. जमीनच जोडलेली नसेल तर त्याला जायला जागा नाही.

घराला लागणाऱ्या पाइप अर्थिंगला ४० मिमी आतील व्यासाचा, कमीत कमी २.५ मीटर लांबीचा जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, पाइप लागतो. भारतीय मानक आयएस ३०४३ मध्ये ३८ मिमी आणि २.५ मीटर ही किमान मापं दिली आहेत. पाइपच्या खालच्या अर्ध्या भागात १२ मिमीची भोकं आळीपाळीने पाडा. खड्डा भिंतीपासून दीड मीटर तरी लांब, न्हाणीच्या किंवा भांडी घासायच्या जागेजवळ घ्या, म्हणजे ओल टिकते. विहिरीच्या काठाला किंवा हातपंपाजवळ घेऊ नका, आणि हातपंपाच्या पाइपलाच अर्थ जोडायचा उद्योग तर मुळीच करू नका. त्या पाइपला पाणी भरणाऱ्या बाया-पोरं हात लावतात.

खड्ड्यात पाइप उभा करून भोवती कोळसा आणि जाडं मीठ यांचे थर द्या. साधारण दहा-दहा किलो लागतं. वरून काळी माती दाबा, पाण्याने भिजवा. पाइपचं तोंड जमिनीच्या वर थोडं ठेवून त्यावर पाणी घालायची चाडी आणि झाकण बसवा.

जमिनीप्रमाणे काम बदलतं. अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा पट्ट्यातली काळी माती ओली असताना उत्तम अर्थ देते, पण एप्रिल-मेमध्ये ती भेगाळते, आकसते आणि पाइपपासून सुटते. नेमके याच दिवसांत अवकाळीचे गडगडाट होतात. म्हणून इथे पाइप तीन मीटर खोल घ्या आणि मार्चपासून पाऊस पडेपर्यंत आठवड्याला एक-दोन बादल्या पाणी चाडीतून सोडा. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात मातीतच क्षार असल्याने अर्थ लवकर मिळतो, पण पाइपही लवकर गंजतो. तिथे मीठ टाकू नका; खड्डा भरायला बेंटोनाइटचं, म्हणजे ओल धरणाऱ्या चिकणमातीचं, तयार मिश्रण वापरा आणि दर दोन वर्षांनी पाइप उकरून बघा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे जिथे हातभर खाली मुरूम किंवा दगड लागतो, तिथे एका पाइपने भागत नाही. तीन-तीन मीटर अंतराने दोन-तीन पाइप ठोकून एकमेकांना जोडा. तेही उतरत नसतील तर अर्धा मीटर खोल चर खणून त्यात १५ मीटर जीआय पट्टी पसरा.

पाइपपासून बोर्डापर्यंत ८ नंबरची जीआय तार किंवा ६ चौरस मिमीची हिरवी तांब्याची वायर आणा. जोड नट-बोल्ट-वॉशरने, तारेच्या टोकाला लग (धातूची टोपी) दाबून. पाइपाभोवती तार गुंडाळून पिळलेला जोड दुसऱ्या पावसाळ्यात हिरवा पडतो आणि अर्थ जातो. बाहेरून सगळं जागच्या जागी दिसतं. जोडावर ग्रीस किंवा डांबराचा हात फिरवा.

आता अर्थ खरंच लागला का, ते पाहायचं. नुसता मल्टिमीटर इथे फसवतो. त्याला नगण्य करंट लागतो, त्यामुळे गंजक्या तारेवरही तो २३० दाखवतो. लोड देऊन बघावं लागतं, आणि हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. पाइपकडून आलेली तार घरातल्या अर्थ बारवरून सोडवा, म्हणजे चाचणी चालू असताना फ्रिज-कूलरच्या पत्र्यावर काही येणार नाही. पाइपजवळ कुणी उभं राहू नये. मेन चालू, बाकीचे एमसीबी बंद. फेज आणि त्या सुट्या तारेत व्होल्टेज मोजा. मग आरसीसीबीच्या (करंट गळू लागला की लाईन तोडणाऱ्या खटक्याच्या) आधीच्या फेजवरून त्याच दोघांत १०० वॅटचा तारेचा जुना बल्ब लावा आणि बल्बवरचं व्होल्टेज पुन्हा मोजा. बल्ब साधारण ०.४३ अँपिअर ओढतो. व्होल्टेज जितकं उतरलं, त्याला ०.४३ ने भागा, म्हणजे ओहम निघतात. चार-पाच व्होल्ट उतरले तर साधारण १० ओहम, आपल्या कामाला चालेल. वीस उतरले तर ४५ च्या वर, म्हणजे आणखी एक पाइप टाका. बल्ब मिणमिणला किंवा लागलाच नाही, तर अर्थ नाही. व्होल्टेज तसंही हलतं, म्हणून दोन-तीनदा मोजा. वायरमनकडे अर्थ टेस्टर असेल तर उत्तम, त्याने ५ ओहमच्या खाली आकडा आला की प्रश्न संपला.

डिशचा पाइप, छतावरच्या सोलर पॅनलची फ्रेम, एसपीडी, सगळं याच एका अर्थला जोडा. ‘एसपीडीला वेगळी अर्थिंग’ ऐकायला बरी वाटते, पण वीज पडली की दोन अर्थमध्येच हजारो व्होल्टचा फरक पडतो आणि तो टीव्हीतून जातो.

पायरी ३ : सर्व्हिस वायर आणि जुना बोर्ड

खांबापासून मीटरपर्यंतच्या सर्व्हिस वायरचा न्यूट्रल पिळून जोडलेला असेल, संध्याकाळी लोड वाढल्यावर तिथे ठिणगी दिसत असेल, तर महावितरणकडे तक्रार करा. टोल फ्री क्रमांक १९१२. खांबावर किंवा डीपीवर स्वतः चढू नका, गावातला ‘जाणकार’ पोरगाही चढवू नका. डीओ, म्हणजे डीपीवरचा ड्रॉप-आउट फ्यूज, पाडला म्हणून लाईन मेली असं समजून दरवर्षी माणसं जातात. मागून कुणाचा जनरेटर किंवा इन्व्हर्टर लाईन उलट भरत असतो.

घरातल्या जुन्या लाकडी बोर्डावर फेज आणि न्यूट्रल दोन्हींना किटकॅट फ्यूज असतात. न्यूट्रलचा फ्यूज काढून तिथे सरळ जोड द्या आणि मेनला डबल पोल एमसीबी लावा, म्हणजे बंद करताना दोन्ही एकदम तुटतील. थ्री फेज घरात न्यूट्रलचा फ्यूज तर आणखी वाईट: तो एकटा उडाला की वर सांगितलेला सगळा प्रकार तुमच्या एकट्याच्या घरात घडतो. ॲल्युमिनियमची सर्व्हिस वायर थेट तांब्यावर पिळू नका, बायमेटल (ॲल्युमिनियम-तांब्याचा) लग वापरा.

पायरी ४ : मेन बोर्डात ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर

एकच वस्तू घेण्याइतके पैसे असतील तर आम्ही हीच घ्यायला सांगू. बोटभर-दोन बोटं रुंदीचा, एमसीबीच्या पट्टीवर बसणारा, समोर व्होल्टेजचा आकडा दाखवणारा डबा. घरगुती कनेक्शनला ४० अँपिअरचा पुरतो, ६३ चा मिळाला तर तो घ्या, त्याच्या आतल्या रिलेचे, म्हणजे लाईन जोडणाऱ्या-तोडणाऱ्या खटक्याचे, पॉइंट कमी तापतात. ज्यात सेटिंग बदलता येतं तोच घ्या. ठरावीक आकड्याला बांधलेला पुढे त्रास देतो.

सेटिंग असं ठेवा:

वरचा कट-ऑफ २६५. वहीत मध्यरात्रीचे आकडे २५५-२६० असतील तर २७०, त्याच्या वर नको.
खालचा कट-ऑफ १७०. घरात फ्रिज असेल तर १८०.
परत जोडण्याचा वेळ १८० सेकंद. लाईन येताच फ्रिज लगेच सुरू झाला तर कॉम्प्रेसर आतल्या दाबाविरुद्ध उठू शकत नाही आणि गुंडाळी तापते. तीन मिनिटांत दाब उतरतो. शिवाय लाईन आल्या-आल्या होणारी पहिली उसळीही यात निघून जाते.

बसवल्यावर तपासा. लाईनवर २३५ असताना वरचा कट-ऑफ क्षणभर २३० ला आणा, डबा लगेच पडला पाहिजे. मग सेटिंग परत जागेवर. काही डब्यांत वरचा आकडा इतका खाली येत नाही; त्यांची परीक्षा दुकानातच व्हॅरिॲकवर, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर, करून घ्या.

डबा रोज रात्री पडू लागला की लोकांचा हात सेटिंगकडे जातो आणि २६५ चं २९० होतं. तसं करण्यापेक्षा वहीतले आकडे घेऊन तक्रार करा. फेजवर लोड समान वाटलेलं नसेल तर घर दुसऱ्या फेजवर घेऊनही प्रश्न सुटू शकतो, आणि ते काम लाईनमनचंच.

पायरी ५ : एसपीडी

आता स्पाइकचा बंदोबस्त. मेन बोर्डात टाइप २ चा एसपीडी (सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस) लावतात. त्यावरचे आकडे असे वाचा: नॉमिनल २० केए (किलोअँपिअर), कमाल ४० केए, ८/२० मायक्रोसेकंद (झटक्याचा प्रमाणित आकार). व्होल्टेज प्रोटेक्शन लेव्हल, म्हणजे झटक्यातलं जेवढं व्होल्टेज तो पुढे जाऊ देतो ते, १.५ केव्ही किंवा कमी असेल तर चांगलं. कायम सहन करायचं व्होल्टेज २७५ लिहिलेलं असेल तर तो आपल्याकडे घेऊ नका. ३२० चा घ्या. जिथे न्यूट्रल वारंवार जातो त्या गावात ३८५ चा. त्याची प्रोटेक्शन लेव्हल जरा वर जाते, पण ३६० व्होल्टमध्ये तो तग धरतो.

गावाकडच्या घरात अर्थ स्वतःचा असतो, लाईनबरोबर येत नाही. अशा ठिकाणी ‘१+१’ जोडणीचा एसपीडी लागतो: फेज-न्यूट्रलमध्ये एमओव्ही आणि न्यूट्रल-अर्थमध्ये गॅस ट्यूब. थ्री फेजला ‘३+१’.

तो मेनच्या लगेच नंतर, प्रोटेक्टर डबा आणि आरसीसीबी यांच्या आधी, समांतर जोडायचा, स्वतःच्या एमसीबीसह. एमसीबी किती अँपिअरचा ते एसपीडीच्या कागदावर असतं. म्हणजे बोर्डात क्रम असा: मीटर, डबल पोल मेन, तिथून फाटा एसपीडीला, पुढे प्रोटेक्टर, मग ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, मग खोलीनिहाय एमसीबी. मीटरच्या सीलला हात लावायचा नाही.

इथे सगळ्यात जास्त होणारी चूक वायरच्या लांबीची. एसपीडी बोर्डाच्या एका कोपऱ्यात, वायर वळवून-गुंडाळून मीटरभर लांब. विजेचा झटका इतका झपाट्याने चढतो की सरळ वायरच्या प्रत्येक मीटरवर हजार व्होल्टच्या घरात जादा व्होल्टेज उभं राहतं. १.५ केव्हीचा एसपीडी मग टीव्हीसाठी २.५ चा होतो. फेजकडून एसपीडी आणि एसपीडीकडून अर्थ बार, दोन्ही मिळून वायर ५० सेंटिमीटरच्या आत ठेवा. वायर ६ चौरस मिमीची, सरळ, वळसे न घेता.

समोरच्या खिडकीत हिरवा रंग असला तर तो जिवंत. लाल झाला की त्याने आपलं काम करून जीव दिला. बहुतेकांची काडतूस काढून नवी बसवता येते. लाल खिडकीचा एसपीडी वर्षानुवर्षं बोर्डात तसाच असलेली घरं पुष्कळ.

पायरी ६ : वस्तूपाशी

आता स्पाइक गार्डचा बोर्ड कामाचा, कारण चढं व्होल्टेज मागेच अडलं आहे. विकत घेताना त्यावर जूल (किती ऊर्जा जिरवतो ते) आणि कमाल करंट लिहिलेलं आहे का बघा. नुसतं लाल बटण आणि फ्यूज असलेला बोर्डही ‘स्पाइक’ म्हणून विकला जातो. अर्थची पिन नसलेला तर नकोच.

स्टॅबिलायझर डिम लाईटसाठी आहे. फ्रिजला लावा, १३० ते २९० असा रुंद पट्टा असलेला, हाय कट-ऑफ आणि टाइम डिले दोन्ही असलेला. हाय कट-ऑफ नसलेला साधा स्टॅबिलायझर ४०० व्होल्टमध्ये स्वतःच जळतो. आजच्या टीव्हीला त्याची गरज बहुधा नाही, त्याचा एसएमपीएस १०० पासून २४० पर्यंत चालतो.

घरगुती इन्व्हर्टर आहे म्हणून संरक्षण आहे, हा समज मोडा. लाईन असताना तो लाईन तशीच पुढे सोडतो. मागे किंवा बाजूला एक खटका असतो: एका बाजूला यूपीएस, दुसऱ्या बाजूला नॉर्मल किंवा इको. नॉर्मलवर तो साधारण २९० पर्यंत सोडत राहतो, यूपीएसवर २६० च्या आसपास तोडून बॅटरीवर जातो. ग्रामपंचायत, आपले सरकार सेवा केंद्र, शाळेची डिजिटल खोली, जिथे संगणक इन्व्हर्टरवर आहे, तिथे खटका यूपीएसवर हवा.

झटका फक्त विजेच्या वायरने येत नाही. डिशची कोॲक्सिअल वायर, गोठ्यापर्यंत नेलेली सीसीटीव्हीची लांब केबल, अंगणातून गेलेली लॅन केबल, सगळ्या अँटेनाचंच काम करतात. फायबरची काचेची तार करंट आणत नाही, पण राउटरचा अडॅप्टर आणतो.

विजा चमकताना

घरावर किंवा समोरच्या खांबावर थेट वीज पडली किंवा ११ केव्हीची तार खालच्या लाईनवर कोसळली, तर वरचं काहीही पुरेसं नाही. तेव्हा प्लग काढलेली वस्तूच वाचते. बटण बंद करणं पुरत नाही: बटण एकच तार तोडते, आणि तिच्यातल्या दोन-तीन मिलिमीटरच्या फटीवरून झटका उडी मारतो.

पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ ॲप मोबाइलमध्ये ठेवा, ते आसपास वीज पडण्याचा इशारा देतं. ॲप नसेल तर लखलखाट आणि गडगडाट यांतले सेकंद मोजा, तीनाने भागा, किलोमीटर मिळतील. तीस सेकंदांवर आले म्हणजे वीज दहा किलोमीटरवर आहे; तेव्हाच टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, राउटर, इन्व्हर्टरचे प्लग आणि डिशची वायर काढा. गडगडाट डोक्यावर आल्यावर प्लगला हात लावू नका, राहिलं ते राहिलं. एप्रिल ते जूनचे वळवाचे दिवस आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचा परतीचा पाऊस, यांत संध्याकाळी घर सोडून वावरात जाताना प्लग काढूनच जा.

लाईन परत आली की व्होल्टमीटर बघा. तो नसेल तर एक तारेचा जुना बल्ब आधी लावून पाहा. नेहमीपेक्षा पांढरा लागला तर बाकी काही जोडू नका.

तरीही जळलं तर

टीव्ही किंवा सेट-टॉप बॉक्स मेला म्हणजे बोर्ड गेलाच असं नाही. मेकॅनिकला आधी आतला काचेचा फ्यूज आणि त्याच्या शेजारची एमओव्ही पाहायला सांगा. एमओव्ही तडकलेली आणि फ्यूज काळा असेल, तर बरेचदा त्या दोघांनी पुढचं वाचवलेलं असतं. फ्यूज त्याच अँपिअरचा, एमओव्ही त्याच क्रमांकाची टाका. फ्यूजच्या जागी तार आणि एमओव्हीची जागा रिकामी, अशी दुरुस्ती स्वस्त पडते आणि पुढच्या वेळी सगळा बोर्ड घेऊन जाते.

एकाच वेळी अनेक घरांत नुकसान झालं असेल तर त्याच दिवशी तक्रार नोंदवा. बिलावरचा १२ अंकी ग्राहक क्रमांक, वेळ, व्होल्टमीटरवरच्या आकड्याचा फोटो आणि जळालेल्या वस्तूंची यादी द्या, तक्रार क्रमांक लिहून घ्या. शक्य झालं तर डीपीवरच्या प्रत्येक फेजचं एक-एक घर धरून तिघांनी त्याच मिनिटाला व्होल्टेज मोजा. एकाकडे ३२०, दुसऱ्याकडे १३० असे आकडे लाईनमनला दाखवले, की त्याला फ्यूज तपासत बसावं लागत नाही, तो थेट न्यूट्रलकडे जातो.